खिडकीतल्या खुर्चीत कोण बसते

मी, या गल्लीतला पेंटर, म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा, वय सत्तरीच्या पुढे, माझ्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत बसून हे मृत्युपत्र सांगत आहे. वकीलसाहेब लिहून घेत आहेत, कारण माझे अक्षर आता मुंगीएवढे झाले आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, की गोड बोलून माझ्याकडून काही काढून घेतलेले नाही. माझी बुद्धी ठिकाणावर आहे असे मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी मला आजच तपासून लिहून दिले आहे आणि तो कागद सोबत जोडला आहे. हात ठिकाणावर नाहीत, चेहरा ठिकाणावर नाही, पाय दारात अडकतात. पण या गोष्टी वेगळ्या आणि बुद्धी वेगळी. ज्याला हा फरक कळत नसेल त्याने पुढे वाचू नये.

गोळी घेतल्यावर माझा थोडा काळ बरा जातो, त्यातच हे काम उरकत आहोत. आवाज बारीक झाल्यामुळे वकीलसाहेब खुर्ची ओढून अगदी जवळ बसले आहेत. माझ्या पत्नीला मुद्दाम आतल्या खोलीत बसवले आहे, म्हणजे तिने खाणाखुणा केल्या असे उद्या कोणी म्हणायला नको. ती आत काय करते आहे ते मला इथून दिसत नाही. मला ते आवडत नाही, पण असो.

कलम १. गेल्या वर्षी मी केलेले मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करतो. तेव्हा माझ्या पुतण्याने मला गाडीत घालून दुसऱ्या एका वकिलाकडे नेले होते. त्या कागदाप्रमाणे घर पुतण्याला, शिल्लक पुतण्याला, आणि पत्नीला "तिने स्वतः कबूल केलेल्या विश्वासघातामुळे" काहीही नाही. तो कागद खरा मानला गेला, तर माझ्यामागे माझी बायको रस्त्यावर येईल. हे होऊ नये, एवढ्यासाठीच आजचा खटाटोप आहे. वकीलसाहेब म्हणाले, रद्द करायला कारण द्यावे लागत नाही. मी म्हणालो, तुम्हाला नसेल लागत, मला लागते.

कलम २. तर कारण.

मला कंपवात आहे. मेंदूच्या आत एका जागी काही पेशी असतात, त्या एक रसायन तयार करतात आणि त्या रसायनाच्या जोरावर आपण विचार न करता चालतो, हसतो, बटण लावतो. माझ्या त्या पेशी वेळेआधी मरत आहेत. का, ते कोणाला नक्की ठाऊक नाही. मेलेल्या परत येत नाहीत. गोळी त्या रसायनाची भरपाई करते, रोग थांबवत नाही. डॉक्टरीणबाईंनी हे पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितले, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

हाताची थरथर सगळ्यांना दिसली, पण रोग त्याच्या कितीतरी आधी आला होता. मला टर्पेंटाइनचा वास येईनासा झाला. जन्म ज्या वासात गेला तो वास गेला आणि मला वाटले, सर्दी असेल. मग पाट्यांवरची अक्षरे ओळीच्या शेवटी बारीक व्हायला लागली. एका औषधाच्या दुकानाची पाटी मी अशी रंगवली की पहिले अक्षर हाताएवढे आणि शेवटचे बोटाएवढे. मालक म्हणाला, "पेंटर, जागा कमी पडली का?" मी हो म्हणालो. जागा भरपूर होती.

आणि चेहरा. हा रोग चेहऱ्याचे हलणे काढून घेतो. आत मी हसत असतो, बाहेर भिंत. बायको दिवसभरातले काही गमतीचे सांगते, मला मनापासून हसू येते, आणि ती माझ्याकडे बघून गप्प होते, कारण तिला काहीच दिसत नाही. समोरच्या फ्रेमवाल्याला तीच गोष्ट सांगितली की तो मांडीवर थाप मारून हसतो. मग ती पुढची गोष्ट कोणाकडे बघून सांगणार? त्याच्याकडेच. हे बघून माझ्या पोटात दुखत असे. अजून दुखते.

कलम ३. फ्रेमवाल्याची ओळख कागदावर असू द्यावी. फोटो आणि चित्रे चौकटीत बसवण्याचे त्याचे दुकान माझ्या खिडकीच्या बरोबर समोर आहे. विधुर आहे. वय माझ्याएवढेच, पण अजून सायकल चालवतो आणि चालवताना माझ्या खिडकीकडे बघून हात करतो. आमच्या लग्नाचा फोटो त्यानेच फुकटात फ्रेम करून दिला होता. त्या फोटोत माझा डावा खांदा पुठ्ठ्याच्या कडेखाली गेला आहे. बायकोचे मात्र कानातलेसुद्धा नीट दिसते. हे मी लग्नाच्या पहिल्या महिन्यात तिला दाखवले होते. ती म्हणाली, "अहो, खांद्याला काय सोनं लागलंय?" मुलगी म्हणते, फ्रेम उघडून बघू, कदाचित मुळात फोटोतच खांदा आला नसेल. फ्रेम उघडायची नाही. एवढा तरी पुरावा माझ्याकडे राहू द्या.

माझे पाय दारात अडकायला लागले तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी उपाय सांगितला. पायाला सवयीने चालता येत नसेल, तर डोळ्यांना काहीतरी द्यायचे. जमिनीवर पावलापावलाच्या अंतरावर आडवे पट्टे रंगवायचे आणि एकेक पट्टा ओलांडायचा. मेंदूची एक वाट बंद झाली की तो दुसरीकडून जातो. खरेच जातो. पण पट्टे कोणी रंगवायचे? या घरात पेंटर मी. मला हातात ब्रश धरवत नव्हता, म्हणून बायकोने फ्रेमवाल्याला बोलावले.

मी खुर्चीत बसून ते बघितले. खडू लावलेल्या दोरीचे एक टोक त्याने धरले, दुसरे हिने धरले. दोघे गुडघ्यांवर बसले, दोरी ताणली, उचलून सोडली की जमिनीवर सरळ रेघ उठते. ही माझ्या धंद्यातली गोष्ट आहे. तरुणपणी माझ्या दोरीचे दुसरे टोक हीच धरत असे. दोरी सुटली, खडू हिच्या नाकावर उडाला, तो हसला, ही हसली. मीही हसलो, पण ते कोणाला कळले नाही. पट्टे चांगले झाले आहेत. तिसरा वाकडा आहे. मी रोज त्याच पट्ट्यांवरून पाय टाकून न पडता संडासाला जातो, हे त्याचे उपकार मी नाकारत नाही. पण तिसरा वाकडा आहे.

कलम ४. त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी दुसरी एक गोळी जोडली आणि ती हळूहळू वाढवली. देताना बजावले होते, "काका, ही गोळी काही लोकांना भास दाखवते. संशय घालते. कोणाला जुगाराचा नाद लावते. असं काही वाटलं तर लगेच मला सांगायचं." मी काही सांगितले नाही. भास झाला असता तर सांगितले असते. मला तर दिसत होते.

संध्याकाळ झाली की खिडकीतल्या खुर्चीत एक माणूस येऊन बसे. बोलत नसे. पाठीमागून उजेड असल्यामुळे चेहरा दिसत नसे. पण मला चेहऱ्याची गरज नव्हती. त्या दिवसांत फ्रेमवाल्याचे दुकान बंद होते, शटर खाली होते, आणि ते मला खिडकीतून दिसत होते. दुकानात नाही म्हणजे माझ्या घरात आहे, असा मी हिशेब केला. मी हा हिशेब पुन्हा पुन्हा तपासला आणि प्रत्येक वेळी तो बरोबर आला.

सुरुवातीला बायको म्हणायची, "अहो, कोणी नाही तिथं." मग मी ओरडायचो. माझा ओरडा म्हणजे हल्ली कुजबुजच, पण तिला तो पुरत असे. ती मुलीशी फोनवर बोलली. मुलीच्या ऑफिसातल्या बाईंच्या आईला विस्मरणाचा आजार आहे, तिच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते की रुग्णाला खोडून काढू नका, वाद घालू नका. मुलीने ते ऐकले आणि आपल्या आईला थोडक्यात सांगितले, "आई, बाबा म्हणतील त्याला हो म्हण. होला हो."

त्या संध्याकाळी मी विचारले, "आज आला होता?"

ती भाजी चिरत होती. वर न बघता म्हणाली, "हो."

"कुठं बसला?"

"खुर्चीत."

"चहा केलास?"

"केला."

"रोज येतो?"

तिने सुरी खाली ठेवली. "हो, रोज येतो. झालं समाधान?"

आता मला सांगा, बायको स्वतः कबूल करते म्हटल्यावर आणखी काय पाहिजे? मला तोंडात मारल्यासारखे झाले. आणि खोटे कशाला बोलू, थोडे बरेही वाटले. इतकी वर्षे मी उगाच जळत नव्हतो, हे सिद्ध झाले. पुतण्या भेटायला आला तेव्हा मी त्याला सगळे सांगितले. तो म्हणाला, "काका, कागद करून टाका. मी आहे ना." तो आहे, हे खरे. तो नेहमी असतो.

कलम ५. हे उघडकीला कसे आले ते. मुलगी सुट्टीला आली. मी तिला म्हणालो, "तुझ्या आईनं कबूल केलंय." मुलीने आईकडे बघितले. आई म्हणाली, "अगं, तूच म्हणालीस ना, होला हो म्हण!" मुलगी मटकन जमिनीवर बसली, वाकड्या पट्ट्यावरच. मग दोघी रडल्या. मी रडलो की नाही ते माझ्या चेहऱ्यावरून कोणाला सांगता आले नसते, म्हणून इथे लिहवून घेतो. रडलो.

फ्रेमवाला त्या सगळ्या काळात आपल्या मुलाकडे होता, परगावी, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. परत आला तो काळा चष्मा लावून, आणि सायकल हातात धरून चालत. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होते. मी कोणाला विचारले नव्हते. ज्याला उत्तर माहीत असते तो कशाला विचारेल?

डॉक्टरीणबाई मुलीवर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, एका रोगातला सल्ला दुसऱ्या रोगात तसाच्या तसा उचलायचा नाही. आणि वाद घालू नका म्हणजे खोटं कबूल करा असं नव्हे. "मला तो माणूस दिसत नाही, पण तुम्हाला भीती वाटते ते कळतंय," असं म्हणून खोलीत दिवा लावायचा आणि मला फोन करायचा. एवढंच होतं. मग त्यांनी दुसरी गोळी हळूहळू उतरवली. खिडकीतला माणूस आधी रोजचा एक दिवसाआड झाला, मग कधीतरी, मग खुर्ची मोकळी झाली.

मी त्यांना विचारले, "म्हणजे माझा संशय गोळीचा होता?"

त्या म्हणाल्या, "भास गोळीचा. संशय आधीपासून होता का?"

मी उत्तर देणार तेवढ्यात बायको म्हणाली, "लग्नाच्या दिवसापासून."

डॉक्टरीणबाईंनी तेही लिहून घेतले. गोळीने माझ्या डोक्यात नवे काही घातले नाही. होते तेच तिने खुर्चीत आणून बसवले.

कलम ६. माझे ब्रश, रंगाच्या वाट्या आणि हात टेकायची काठी मुलीला द्यावी. ती पाट्या रंगवणार नाही हे मला माहीत आहे, आता सगळे छापूनच मिळते. तरी ब्रशांना तेल लावून आडवे ठेवावे, केसांवर उभे करू नयेत. त्यात खारीच्या केसांचा एक रुंद ब्रश आहे, त्यावर फ्रेमवाल्याचा फार वर्षांपासून डोळा आहे. तो त्याला देऊ नये. उसनाही देऊ नये. बघायला मागितला तर लांबून दाखवावा.

कलम ७. पुतण्याला माझे मनगटी घड्याळ द्यावे. ते बंद आहे.

कलम ८. मी जिवंत असेपर्यंत माझी व्यवस्था. गोळ्या ठरल्या वेळी द्याव्यात, पाहुणे आले म्हणून थांबू नये. मुख्य गोळी दूध आणि डाळीबरोबर देऊ नये, अंगी लागत नाही. कोणीही शहाण्याने "बंदच करून बघा" म्हणू नये. एकदम बंद केली तर जिवावर बेतते. व्यायामाला मी कुरकुर करीन, तरी उठवावे. दारात अडकलो तर पाठीमागून ढकलू नये, पट्टा दाखवावा. पट्टे पुसट झाले की पुन्हा रंगवावेत. कोणाकडून रंगवावेत ते मी लिहीत नाही, कारण या गल्लीत दोरी धरता येणारा दुसरा कोणी उरलेला नाही. मात्र दोरीचे दुसरे टोक मुलीने धरावे. पुढे मला गिळता येईनासे होईल, कदाचित बुद्धीही जाईल. तेव्हाचे निर्णय पत्नीने व मुलीने मिळून घ्यावेत. मला नळ्या लावून नुसते ठेवू नये.

कलम ९. हे राहते घर, त्यातील सर्व सामान, आणि बँकेतील शिल्लक माझ्या पत्नीला.

इथे वकीलसाहेब थांबले आणि म्हणाले, काही अट घालायची आहे का? मी विचारले, कसली? ते म्हणाले, "काही लोक घालतात. पत्नीने पुन्हा लग्न केलं तर घर परत, वगैरे."

मला तो माणूस एकदम आवडला. मी म्हणालो, लिहा. त्यांनी लिहायला घेतले. आणि मी मेल्यानंतरचे हे घर मला डोळ्यांसमोर दिसले. ही एकटी बसली आहे, काहीतरी गमतीचे घडले आहे, आणि सांगायला समोर कोणी नाही. खिडकीतली खुर्ची रिकामी आहे आणि ती माझ्या कागदामुळे रिकामी आहे. मला तेही सहन होईना. तो तिथे बसला आहे हे तर त्याहून सहन होईना. आज भास नव्हता, तरी त्याच्या नव्या चष्म्याच्या काड्यासुद्धा मला दिसल्या.

वकीलसाहेबांकडून ते वाक्य मी खोडून घेतले. त्याच्या जागी एक शब्द मी माझ्या हाताने लिहिला आहे, तो असा: बिनशर्त. शेवटचे अक्षर वाचता येत नाही. पण शब्द तोच आहे, आणि तो लिहायला मला कोणत्याही पाटीपेक्षा जास्त वेळ लागला. खुर्ची घरातील सामानातच धरावी. तिच्यात कोण बसेल ते तिने ठरवावे. मला आवडणार नाही, हे तिला ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असू द्यावे.

कलम १०. मी यानंतर मृत्युपत्र करणारच नाही असे बंधन स्वतःवर घालता येते का, असे मी विचारले. येत नाही म्हणाले. म्हणून एवढेच सांगतो: रोग वाढला, औषधे बदलली, तर तो खुर्चीतला माणूस परत येईल. तेव्हा मी पुन्हा कागद करायला निघालो तर त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तपासल्याशिवाय मला कोणी गाडीत घालू नये. आणि तेव्हा मी माझ्या बायकोबद्दल जे बोलेन ते माझे बोलणे समजू नये. आज बोलतो आहे ते माझे.

कलम ११. हे कलम माझ्या बायकोला उद्देशून आहे, आणि ते मी गेल्यावर लागू व्हायचे नाही. आजपासून लागू.

मी पुन्हा कधी विचारले, "आज तो आला होता का?" आणि तो आला नसेल, तर तू "नाही" म्हण. मी चिडेन, थाळी ढकलेन, तुला खोटारडी म्हणेन. म्हणू दे. दिवा लाव, डॉक्टरीणबाईंना फोन कर, पण "हो" म्हणू नकोस. आणि खरेच आला असेल, तर तेही सांग. मी जळेन. मला जळायची सवय आहे, त्याने मी मरत नाही. माझे डोळे माझ्याशी खोटे बोलतात, हात ऐकत नाहीत, चेहरा माझा राहिलेला नाही. या घरात मला विश्वास ठेवायला आता तुझ्या तोंडाशिवाय दुसरी जागा नाही.

वरील सर्व मजकूर वकीलसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मला मान्य आहे. पट्ट्याबद्दलचे वाक्य काढा म्हणाले. काढले नाही.

साक्षीदार म्हणून पहिली सही डॉक्टरीणबाईंची. दुसरा साक्षीदार मी स्वतः निवडला आहे, फ्रेमवाला. मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, असे वकीलसाहेबांनी सांगितले. ते ऐकताच मी त्याला बोलावणे पाठवले.

सह्यांच्या वेळची नोंद, माझ्या सांगण्यावरून जोडलेली: डॉक्टरीणबाई टेबलापाशी होत्या. मी मान वर केली तर खिडकीतल्या खुर्चीत कोणीतरी बसले होते, पाठीमागून उजेड, चेहरा दिसेना. माझा हात सहीवरच थांबला. मी आत हाक मारली.

"अगं, तो आलाय का?"

आतून भांडे खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती दारात आली, खुर्चीकडे नीट बघितले, माझ्याकडे बघितले.

"हो," ती म्हणाली. "आलाय. सहीला."

"चहा केलास?"

"करतेय."

"त्याच्यात साखर कमी घाल," मी म्हणालो, आणि सही केली.

स्थळ : राहते घर, पुढची खोली
दिनांक : चौदा मार्च, सकाळी

मृत्युपत्र करणार : पेंटर (सही बारीक आहे, पण माझीच आहे)

साक्षीदार १ : मेंदूच्या डॉक्टरीणबाई. यांनी सही करताना मी शुद्धीवर होतो.

साक्षीदार २ : समोरचा फ्रेमवाला. हा खरोखर हजर होता. बायकोने सांगितले.